गाडीचा विमा भरायचा राहून गेला तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे गाडीच्या विम्याला सहसा महिन्याचा हप्ता नसतो. वर्षाचे पैसे एकदम भरायचे, वर्षभर विसरून जायचं. ही सोय आहे आणि अडचणही तीच आहे, कारण तारीख येते तेव्हा ती कुणाच्याच लक्षात नसते. गाड्यांच्या विम्याचं काम करताना ‘पॉलिसी संपली, आता काय?’ हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. त्याची जी जी रूपं समोर येतात ती इथे घेतली आहेत. बहुतेक उत्तरं खाजगी मोटारीला धरून आहेत. दुचाकीला आकडे वेगळे, पण तत्त्व तेच.

मुदत संपून एकच दिवस झाला आहे. थोडे दिवस चालत असतील ना?

चालत नाहीत. आयुर्विम्यात हप्ता चुकला तर महिनाभराची सवलत मिळते, आरोग्य विम्यातही नूतनीकरणाला मुदत मिळते. त्या सवयीने लोक गाडीच्या विम्यालाही तेच लावतात. मोटार विम्यात अशी सवलत नाही. पॉलिसीवर जी शेवटची तारीख छापलेली असते, त्या रात्री बारा वाजता संरक्षण संपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला नेलेली गाडी ही विमा नसलेली गाडी असते. खंड एका दिवसाचा असो की एका वर्षाचा, त्या काळात अपघात झाला तर दोघांचीही स्थिती सारखीच.

मग ते ‘९० दिवस’ कशाचे? एजंटने तर सांगितलं की ९० दिवसांत भरलं तरी चालतं.

ते ९० दिवस नो क्लेम बोनसचे आहेत, संरक्षणाचे नाहीत. या एका गैरसमजापायी मी लोकांना तीन-तीन महिने बिनधास्त गाडी फिरवताना पाहिलं आहे, म्हणून हे स्वच्छ सांगतो.

ज्या वर्षी तुम्ही क्लेम घेत नाही, त्याच्या पुढच्या वर्षी गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर (यालाच ‘ओन डॅमेज’ म्हणतात) सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांच्या आत रिन्यू केली तर ही सूट टिकते. एक्क्याण्णवाव्या दिवशी ती शून्य होते आणि शिडी पुन्हा खालून चढावी लागते.

पैशात हे किती होतं ते पाहा. समजा सूट धरण्याआधीचा तुमचा ओन डॅमेज प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर पोचला आहात, म्हणजे ६,००० भरता. बोनस गेला की पहिल्या वर्षी ६,००० जास्त जातात. दुसऱ्या वर्षी २० टक्के सूट मिळते, तरी ३,६०० जास्त. मग ३,०००, मग १,८००, मग ६००. प्रीमियम तेवढाच राहिला असं धरलं तरी पाच वर्षांत १५,००० रुपये, आणि जीएसटी वेगळा. एकही क्लेम न करता, केवळ तारीख विसरल्यामुळे.

मी दोन वर्षांपूर्वी नवी गाडी घेतली. शोरूमने तीन वर्षांचा विमा काढून दिला आहे. मला काळजी नाही ना?

अर्धी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेली इजा आणि नुकसान भरून देणारा) घ्यावाच लागतो. पण ओन डॅमेजचा भाग बहुतेकांच्या पॉलिसीत एकाच वर्षाचा असतो. दोन्ही एकाच कागदावर छापलेले असतात, आणि ‘तीन वर्षे’ हा शब्द ठळक दिसतो.

त्यामुळे दुसऱ्या वर्षी गाडी कायद्याने सुरक्षित असते, पोलीस चलन फाडत नाहीत. पण गाडी चोरीला गेली, पुरात बुडाली, खांबाला धडकली तर एक रुपया मिळत नाही. घरी जाऊन पॉलिसी काढा. तिच्यात दोन वेगळे कालावधी दिलेले असतात, ते दोन्ही वाचा. ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी कोणत्याही कंपनीकडून घेता येते. जिने थर्ड पार्टी दिला तिच्याकडूनच घ्यायला हवी असं नाही.

कंपनीने मला कळवायला नको होतं का?

चांगल्या कंपन्या मेसेज पाठवतात, फोन करतात. पण तो करार ठरलेल्या दिवशी आपोआप संपतो, आणि ‘मेसेज आला नाही’ हे क्लेमच्या वेळी कारण ठरत नाही. मेसेज न येण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. पॉलिसीवर नोंदलेला मोबाइल नंबर शोरूमच्या सेल्समनचा असतो, जुन्या मालकाचा असतो, नाहीतर तुम्हीच मागे बंद करून टाकलेला असतो. आजच नंबर तपासून दुरुस्त करून घ्या.

पोलिसांनी अडवलं तर किती दंड?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायला किमान थर्ड पार्टी विमा हवाच. तो नसेल तर कलम १९६ लागतं: पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. हे कलम चालवणाऱ्यालाच नाही, तर विमा नसलेली गाडी दुसऱ्याला चालवायला देणाऱ्यालाही लागतं. भाच्याला किल्ली देण्याआधी एवढं लक्षात असू द्या. आणि दंड भरल्याने विमा सुरू होत नाही. चलनाची पावती खिशात टाकून तीच गाडी पुढे नेणारे आहेत, म्हणून लिहिलं.

विमा नसताना माझ्या गाडीने कुणाला धडक बसली तर नेमकं काय होतं?

दंडापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट ही आहे, आणि लोक नेमका हाच प्रश्न सर्वांत शेवटी विचारतात.

पोलीस पंचनामा करतात, गाडी ताब्यात घेतात. विमा असता तर ती काही दिवसांत सोडवून आणता आली असती. विमा नसेल तर पुरेसं तारण दिल्याशिवाय ती सुटत नाही. तारण जमलं नाही तर तीन महिन्यांनंतर गाडीचा लिलाव होऊन ती रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायालयाकडे) जमा करण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सगळ्या राज्यांना ती अमलात आणायला सांगितलं.

जखमी माणूस किंवा मृताचे वारस याच न्यायाधिकरणात जातात. मृताचं वय, उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यांवरून भरपाई ठरते. तरुण, कमावत्या माणसाचा मृत्यू झाला तर ती रक्कम लाखांत, कधी त्याहून वर जाते. मृत्यू आणि दुखापतीसाठी थर्ड पार्टी विम्याला वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण जितकं ठरवेल तितकं कंपनी देते. (मालमत्तेच्या नुकसानीला मात्र खाजगी मोटारीसाठी साडेसात लाखांची मर्यादा आहे.) विमाच नसेल तर हा सगळा भार चालक आणि मालकावर, व्याजासकट. परवान्यात खोट निघाली किंवा पॉलिसीच्या अटीचा भंग झाला तर न्यायालयं अनेकदा कंपनीला सांगतात की आधी तुम्ही पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. पॉलिसीच नसेल तर असं सांगायला समोर कंपनीच नसते.

पैसे भरले नाहीत तर कलम १७४ खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला देतं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. गावाकडे जमीन असणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि दुसरी बाजू पाहा. मालकाकडे काही नसेल तर निकाल लागूनही त्या कुटुंबाच्या हाती कागदच राहतो. अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंतचे उपचार विनारोकड मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू झाली आहे, पण घरातला कमावता माणूस गेल्यावर पुढची वीस वर्षं त्या योजनेने निघत नाहीत. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा केला तो या माणसांसाठी. तुमच्या गाडीसाठी नाही.

चूक पूर्णपणे समोरच्याची होती, पण माझा विमा संपलेला होता. मला काहीच मिळणार नाही?

मिळू शकतं. तुमचा विमा नव्हता म्हणून समोरच्याची जबाबदारी संपत नाही. त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून इजेची आणि गाडीच्या नुकसानीची भरपाई मागता येते. त्यासाठी न्यायाधिकरणात जावं लागतं, गॅरेजमध्ये सर्वेअर (कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस) बोलावून चार दिवसांत काम होत नाही. अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो, तेव्हा वकिलाकडे लवकर जा. तुमच्यावर विमा नसल्याचं कलम लागेल ते वेगळं.

गाडी सोसायटीत झाकून उभीच आहे. मग कशाला विमा?

उभ्या गाडीला आग लागते, उभी गाडी चोरीला जाते आणि उभी गाडीच पुरात बुडते. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत, जुलै २०२१ मध्ये चिपळूणला ज्या गाड्या पाण्याखाली गेल्या, त्यांतल्या किती तरी त्या वेळी चालत नव्हत्या. घराखाली, दुकानापुढे लावलेल्या होत्या. पुराची भरपाई ओन डॅमेजमधूनच मिळते, थर्ड पार्टीतून नाही. तीही विमा चालू असेल तर. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायच्या प्रयत्नात इंजिन गेलं तर त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

तेव्हा कोकणात, नदीकाठी किंवा तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावत असाल आणि पॉलिसी जून ते सप्टेंबरमध्ये संपत असेल, तर ती मे महिन्यातच रिन्यू करा. आधी भरल्याने दिवस वाया जात नाहीत; नवी पॉलिसी जुनी संपल्याच्या क्षणापासून सुरू होते.

खंड पडला आहे. आता विमा पुन्हा सुरू करायचा कसा?

पहिलं काम, गाडी रस्त्यावर आणू नका. तपासणीसाठी गॅरेजपर्यंतसुद्धा नाही.

पूर्ण विमा (ओन डॅमेजसकट) हवा असेल तर कंपनी आधी गाडीची तपासणी करते, कारण आधीच झालेलं नुकसान तिला आपल्या अंगावर घ्यायचं नसतं. पूर्वी सर्वेअर घरी यायचा. आता बहुतेक ठिकाणी मोबाइलवर लिंक येते आणि तुम्हालाच व्हिडिओ काढायचा असतो: चारही बाजू, पुढची काच, छत, नंबर प्लेट, इंजिन चालू करून मीटरवरचे किलोमीटर, चॅसी नंबर. गाडी आधी धुऊन घ्या आणि दिवसाउजेडी व्हिडिओ काढा. चिखल किंवा अंधारामुळे अहवाल परत येतो, आणि तेवढे दिवस खंड वाढतो. जुना पोचा किंवा काचेचा तडा दिसला तर त्याची नोंद होते आणि तो भाग नव्या विम्यातून वगळला जातो. तो लपवू नका; नंतर क्लेमच्या वेळी जुने फोटो समोर येतातच.

अहवाल मंजूर झाला की लगेच पैसे भरा. तो थोड्याच काळापुरता ग्राह्य असतो. उद्या-परवा म्हणत राहिलात तर तपासणी पहिल्यापासून.

निव्वळ थर्ड पार्टीला सहसा तपासणी लागत नाही. गाडी तातडीने बाहेर काढायचीच असेल तर आधी थर्ड पार्टी घेऊन मागून ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी घेता येते. फक्त एक करा: नव्या पॉलिसीवर छापलेली सुरुवातीची तारीख आणि *वेळ* वाचा. संपलेल्या पॉलिसीनंतर काही कंपन्या पुढच्या तारखेपासून संरक्षण सुरू करतात. पॉलिसीवर वेळ छापलेली असेल तर संरक्षण त्या वेळेपासूनच धरायचं, त्या दिवसाच्या पहाटेपासून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच ठरवलं आहे. दुपारी तीनला सुरू झालेली पॉलिसी सकाळी अकराच्या अपघाताला उपयोगी पडत नाही.

शून्य घसाऱ्यासारखी (सुटे भाग जुने झाले म्हणून भरपाईतून पैसे न कापणारी) जोडसंरक्षणं खंडानंतर काही कंपन्या देत नाहीत किंवा महाग देतात. दोन-तीन ठिकाणी विचारा.

एजंट म्हणतो, ‘मागच्या तारखेची पॉलिसी काढून देतो.’

त्याच्याकडून काहीही घेऊ नका. विमा कायदा, १९३८ चं कलम ६४-व्हीबी सांगतं की प्रीमियम हाती आल्याशिवाय कंपनीला जोखीम घेताच येत नाही. मागची तारीख देणारा माणूस एकतर खोटा कागद देतो आहे किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे. पॉलिसी खरी आहे का, हे क्यूआर कोडवरून, कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा सरकारच्या एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून पाहता येतं.

पैसे खात्यातून गेले, पण पॉलिसी आली नाही. विमा आहे की नाही?

पॉलिसी क्रमांक हातात येईपर्यंत ‘नाही’ असंच धरून चाला. यूपीआयवर ‘यशस्वी’ असं दिसलं तरी रक्कम मध्येच कुठे अडकून दोन दिवसांनी परत येऊ शकते. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा.

धनादेशाचंही तसंच. तो वटला नाही तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. रद्द केल्याचं मालकाला कळवण्याआधीच अपघात झाला असेल, तर तिसऱ्या व्यक्तीची भरपाई कंपनीला द्यावी लागते आणि ती मग मालकाकडून वसूल करू शकते; युनायटेड इंडिया विरुद्ध लक्ष्मम्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे सांगितलं. हे संरक्षण अपघातात सापडलेल्या परक्या माणसाला आहे. तुमच्या गाडीचं नुकसान त्यातून भरून निघत नाही.

वडील वारले. गाडी आणि विमा दोन्ही त्यांच्याच नावावर आहेत.

मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत चालू राहते. त्या काळात वारसाने आरटीओत नाव लावून घेऊन पॉलिसीही बदलून घ्यायची. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, म्हणून घरातल्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसाकडे, काका किंवा मेव्हण्याकडे, एवढं काम सोपवा.

जुनी गाडी विकत घेतली. विमा आधीच्या मालकाच्या नावावर आहे.

थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर आपोआप तुमच्याकडे येतं. ओन डॅमेज येत नाही. त्यासाठी हस्तांतरणापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो जुन्या मालकाबरोबर जातो, तुमच्या नव्या पॉलिसीवर चुकून लागला असेल तर काढून टाका, नाहीतर क्लेम अडकतो.

सध्या पैशांची खरंच ओढाताण आहे. काय करू?

अशा वेळी निदान थर्ड पार्टी चुकवू नका. त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात खाजगी मोटारीला वर्षाला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये असे दर आहेत, त्यावर जीएसटी. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच वेगळा घेतलेला असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. तसं लिहून द्या, काहीशे रुपये वाचतात. गाडीवर कर्ज असेल तर मात्र करार वाचा, बँकेला बहुधा पूर्ण विमाच लागतो.

कंपनी म्हणते विमा खंडित होता, माझ्या मते नव्हता. दाद कुठे मागू?

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, लेखी. उत्तर पटलं नाही किंवा महिनाभर आलंच नाही, तर विमा लोकपालाकडे. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे इथे कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतल्या जातात. विमा नियामकाचा फोन क्रमांक १५५२५५. पैसे भरल्याची वेळ दाखवणारा बँकेचा उतारा हा इथला सर्वांत मोठा पुरावा.

आम्ही परदेशात आहोत, गाडी पुण्यात आई-बाबांकडे आहे.

दोन वेगळे सापळे आहेत. पुण्यातल्या गाडीच्या पॉलिसीवर तुमचा जुना भारतीय नंबर असतो, तो बंद झालेला असतो, आणि रिन्यू करताना ओटीपी तिथेच जातो. बाबांचा नंबर आणि ईमेल लावून घ्या.

तिकडच्या गाडीचा विमा तुम्ही बहुधा मासिक हप्त्याने भरत असाल. तिथे खात्यात पैसे नसल्याने एक हप्ता चुकला की आधी नोटीस येते आणि मग पॉलिसी रद्द होते. अमेरिकेत नोटिशीचे दिवस राज्यागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये गाडी नुसती दारात उभी असली तरी, ती वापरात नसल्याची नोंद केलेली नसेल तर, विमा नसल्याबद्दल १०० पौंड दंड येतो. विमा नसताना चालवताना सापडलात तर ३०० पौंड आणि परवान्यावर सहा गुण. नोटीस पत्राने जुन्या पत्त्यावर गेली, हे तिथेही कारण धरलं जात नाही. घर बदललं की पहिल्याच आठवड्यात विमा कंपनीला पत्ता कळवा.